डुबुक

लडलोच्या पुलाखाली, टीम नदीत,
कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून
ग्लिन प्रॉसर उलटा उलटा चालतो.
तीन मिनिटं. घड्याळ माझ्या हातात.
टाचेने तळ ढवळतो, गोटे हलवतो,
सुटून वाहत येईल ते जाळीत.

मग काठावर पांढरा ट्रे, प्लास्टिकचा चमचा
आणि मी.
तेवीस वर्षं औषधांच्या दुकानात
पाच-पाचच्या ढिगाने गोळ्या मोजल्या,
आता मेफ्लायची पिल्लं मोजते.
गोळ्या निदान जागच्या हलत नसत.

कॅडिसची अळी वाळूचे कण चिकटवून
अंगाभोवती नळी बांधते,
घर घेऊनच हिंडते.
तिच्यापाशी माझा चमचा जरा रेंगाळतो.
का, ते ग्लिनने कधी विचारलं नाही.

चार वर्षं आकडे पाठवले.
पलीकडून: आपली नोंद मिळाली, धन्यवाद.
दर महिन्याला तेच, स्वल्पविरामासकट.
विनिफ्रेड गळाली, तिला गुडघ्याचं निमित्त मिळालं.
फेब्रुवारीत मीही ग्लिनला म्हटलं,
विहिरीत दगड टाकला
तरी डुबुक असा आवाज येतो.
इंग्रजीत सांगताना डुबुक तसंच ठेवलं होतं.
त्याने विद्यापीठाला कळवलं,
त्यानेही तसंच ठेवलं.

मार्चात हेस्टर कॉट्रिल आली.
डॉक्टर, पण स्वतःचे बूट घेऊन, डाव्याला भोक.
पहिला प्रश्न: डुबुक म्हणजे काय?
मी एक गोटा उचलून दाखवलं.
मग ती पाण्यात शिरली,
थंडीने एक सणसणीत शिवी हासडली
आणि तिथेच ग्लिनला पटली.

ट्रेवर वाकून, आमच्याकडे न बघता म्हणाली,
मला वाटायचं तुम्ही चुका करत असाल.
तुमचे आकडे वर्षभर बाजूला ठेवले होते.
चूक माझी.

वही चाळताना ऑगस्टापाशी थांबली.
हे कोरं का?
काहीच सापडलं नव्हतं त्या दिवशी.
रिकाम्या हाताने काय लिहायचं, मी म्हटलं.

शून्य लिहायचं, ती म्हणाली.
कोरी चौकट म्हणजे कुणी आलंच नाही.
शून्य म्हणजे कुणीतरी आलं,
पाण्यात उतरलं, शोधलं,
आणि नव्हतं.
वरच्या अंगाला कुणी काय सोडलं
हे विचारायला जायचं
तर माझ्या हातात तेवढंच असतं.

घरी येताना पंचगंगा आठवली.
शाळेत जाताना पुलावर
नाकाला रुमाल लावायचो सगळ्या मुली.
सगळ्या गावाला ठाऊक होतं.
लिहून मीही ठेवलं नव्हतं.

आता तिचं उत्तर येतं.
कधी नकाशा, त्यावर आमच्या पुलाचा ठिपका,
कधी नुसती तक्रार, की माझा एक सातासारखा दिसतो.
मीही कळवते, तुमचा तक्ता ग्लिनला कळला नाही,
पुन्हा काढा.
ती काढते.

विनिफ्रेड घडीची खुर्ची घेऊन परतली.
घड्याळ तिच्याकडे दिलंय.
आज मेफ्लाय एकतीस, कॅडिस चार.
स्टोनफ्लाय शून्य,
पेन दाबून, गोल नीट जुळवून.

पुढच्या महिन्यात ग्लिनची पाठ विश्रांती मागतेय.
जाळी आहे. बूटही आहेत, हेस्टरने ठेवून गेलेले.
या कुणीतरी.
डावा पाय ओला होईल.