माशांचा खुराक

एकतीस वर्षं मी हळकुंडं मोडली.
सांगलीच्या यार्डात, पोत्यांच्या थप्प्यांमधून
एक कांडी उचलायची, कट्‌कन मोडायची
आणि आत बघायचं.
बाहेरून काय, ढोलात फिरवली की
कुठलीही हळद लग्नाला निघाल्यासारखी दिसते.

आता गणपती पेठेमागच्या बोळात
माझ्या अकरा काचेच्या टाक्या आहेत.
मासा मोडून बघता येत नाही.

बाकीचे दुकानदार टाकीवर तांबडा बल्ब लावतात.
गिऱ्हाईक खुशीत घरी जातं, पिशवी सोडतं,
आणि दिवाणखान्याच्या उजेडात
ताकाच्या रंगाचा मासा
त्याच्याकडे बघत राहतो.
मी साधी ट्यूब लावतो. धंदा बेताचा.

मुनीर पिंजारी, मिरजेहून मासे आणून देणारा,
त्यानं सांगितलं मला पहिल्यांदा:
काका, रंग माशाला घरी करता येत नाही.
तो खावा लागतो.

मी हळद टाकली. मला दुसरं काय सुचणार?
पाणी पिवळंधमक, मासे होते तसे.
त्रिशला दारात येऊन बघून गेली.
"पी हळद आणि हो गोरी," म्हणाली,
आणि दोन दिवस भाकरी थापताना
मध्येच हसत राहिली.

मुनीरनं मग सुकटीची पूड आणली.
"चिमूटभर टाका. पंधरा दिवसांत शेंदूर."
मी हात पुढे केला नाही.
त्याला कळलं. पुडी खिशात गेली,
आणि चहाचे पैसे त्या दिवशी त्यानं दिले.

म्हणून दसरा उलटल्यावर
वजनकाट्यांवरच्या, ट्रकांच्या तोंडांवरच्या
झेंडूच्या माळा मी मागून आणल्या.
पाकळ्या सावलीत वाळवल्या.
ब्याडगी मिरचीचं बी झटकून
नुसतं साल कुटलं, शिंकत शिंकत.
आणि गाजर.

गाजर आमच्या घरात येत नाही.
जमिनीखालचं काहीच येत नाही.
हळद तेवढी वाळली की चालते,
नाहीतर आम्ही जगलो कशावर असतो!
म्हणून दुकानात, मागच्या मोरीजवळ,
वेगळी किसणी, वेगळी सुरी, वेगळा स्टोव्ह,
आणि एक स्टीलचा डबा,
ज्यावर मी खिळ्यानं कोरलंय: मासे.

रंग सांगून येत नाही.
वीस-बावीस दिवस तुम्ही खुळ्यासारखे बघत बसता,
मग एका सकाळी
परांच्या बुडाशी काहीतरी दिसतं,
वाटतं, चष्मा पुसायला हवा.
चष्मा पुसला तरी ते तिथंच असतं.

त्या वर्षी त्रिशलानं भाद्रपदात
दहाच्या दहा उपास केले.
दिवाळीत फराळ तळताना जिन्यावर बसली ती बसली.
मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी
तिची खालची पापणी बोटानं ओढली
आणि आत बघितलं.
ती नजर माझ्या ओळखीची होती.
मीही वाकून बघितलं.
ताक.

गोळ्या लिहिल्या. म्हणाल्या, "पालेभाजी, खजूर,
बीट, गाजर, सगळं पोटात जाऊ दे."
"ते आम्हांला चालत नाही," त्रिशला म्हणाली.
बाईंनी माझ्याकडे बघितलं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचत होतो.

आता ती दुपारी दुकानात बसते,
मी आडवा होतो तेवढा वेळ.
तीन दिवसांचा कीस दोन दिवसांत संपतो.
किसणी धुऊन पालथी घातलेली असते,
मी ती कधीच पालथी घालत नाही.
परवा तिच्या पदरावर
एक बारीक केशरी तूस होतं.
मी म्हणालो, "सातव्या टाकीला रंग चढतोय."
"चढू दे की," ती म्हणाली,
आणि पदर झटकला.

आज मंडईत गाजरवालीनं
न विचारताच अर्धा किलो तोललं.
"एक किलो कर," म्हणालो.
"एवढं काय करता हो आप्पा?"
"मासे," म्हणालो.
"मासे वाढलेत."