बर्फाची पाळी

रात्री दहाला विजेचा दर उतरतो
तेव्हा मी कॉम्प्रेसर चालू करतो.
होटगी रोडवरच्या हॉस्पिटलचं तळघर.
चार टाक्या, पोटात नळ्यांची वेटोळी,
नळ्यांतून उणे पाच अंशांचं ग्लायकॉल फिरतं
आणि भोवतालचं पाणी
हळूहळू हालचाल सोडत जातं.

बाहेर सोलापूर अजून तापलेलंच,
पण भाकरी उतरवल्यावर चुलीवरचा तवा असतो
तितपत. मशीनला ते कळतं.
दुपारच्या मानानं कमी धापा टाकतं.

नायना म्हणायचे, सूत उतरलं की घेऊन ठेव,
चढल्यावर बोंबलून काय होतंय.
त्यांनी कधी ठेवलं नाही.
दोन माग होते, तेही मालकाचे.
मी ठेवतो, रोज रात्री,
टाकीभर थंडी,
दुसऱ्याच्या पैशांनी.

दोन वाजता टाकीला कान लावला
तर आत बारीक कट-कट,
कुणी झोपेत बोटं मोडावीत तशी.
वहीत लिहितो: बर्फ साठ टक्के.
मग कडक भाकरी, शेंगाचटणी.
चारला पंच्याऐंशी.
सहाला मोहोळकर येतो जांभया देत,
"झाला का बे बर्फ?"
"घे, मोजून घे."

मग माझी झोप.
नीलम नगरच्या पत्र्याखाली, चव्वेचाळीस अंशांत,
छातीवर ओला टॉवेल,
तोही अर्ध्या तासात कडक.
सुगुणा उंबऱ्यात विड्या वळते,
हजार झाल्याशिवाय मान वर करत नाही.
पंखा इकडची झळ तिकडे नेतो
आणि तिकडे माझा बर्फ
वितळत असतो ऑपरेशनच्या खोलीत,
कॅशियरच्या काचेमागे,
कुणी नसलेल्या मीटिंग हॉलमध्येसुद्धा.

मे महिन्यात एकदा दुपारी जावं लागलं,
पगाराच्या कागदावर सही राहिली होती.
सुगुणाला सोबत नेलं.
काचेचं दार ढकललं
आणि मानेवर माझी कालची रात्र आली,
तीन वाजताची बहुतेक.
ती खुर्चीत टेकली, पदर सैल केला,
"चल्लगा," म्हणाली. डोळे मिटले.
म्हटलं, हे मी केलंय.
"मग डब्यात घालून घरी का आणत नाही?"
डोळे न उघडताच.

सही केली. शिक्का बसला.
ती खुर्चीतच झोपली होती,
बोटं मात्र मांडीवर वळतच होती,
पान नसताना, तंबाखू नसताना.

खाली उतरून काटा बघितला. बेचाळीस.
दिवस अजून बराच होता.
मोहोळकर म्हणाला, "निघाला नाही अजून?"
म्हटलं, पुरेल बे,
बसू दे तिला.