मधला गोल

प्रश्न क्रमांक सतरा: 'या विद्यापीठात मी रुळलो आहे.'
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी.
पिओ मारूनं तीनचा गोल काळा केला.
अठराव्यालाही तीन. एकोणिसाव्यालाही.
चव्वेचाळीस प्रश्न, चव्वेचाळीस मधले गोल,
वरून खाली, ओळंबा धरल्यासारखे.

ग्वाक मॅडम म्हणाल्या, असे फॉर्म बाद करायचे.
न वाचता भरतात पोरं. डेटा नासतो.

मी बाद केला नाही. बाजूला ठेवला.
एकेक गोल काठोकाठ भरलेला,
रेघेबाहेर शिसं कुठं सांडलेलं नाही.
न वाचणारा इतकं जपून रंगवत नाही.

मुलाखतीला तो आला एप्रिलच्या शेवटी.
मिडटर्म आणि चेरीचा बहर एकदमच ओसरले होते,
चुनचॉनच्या तळ्यावरचं धुकं मात्र रोजच्यासारखं
ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेलं.
मी रेकॉर्डर सुरू केला आणि विचारलं, जेवलास?
हा प्रश्न यादीत नव्हता.
म्हणाला, त्रिकोणी किंबाप. दुकानाच्या काचेपाशी, उभ्यानं.
बसलं की एकटा दिसतो माणूस.
उभा असला की लोकांना वाटतं, घाईत आहे.

वांदोच्याही पलीकडलं बेट. बाप समुद्रात
शेवाळाचे दोर लावतो.
गावाच्या तोंडाशी बॅनर लागला होता,
पोराचं नाव विद्यापीठाच्या नावाहून मोठं.
"अजून काढला नाही," तो म्हणाला.
"वाऱ्यानं एक टोक सुटलं होतं.
बाबांनी परत बांधलं. दुहेरी गाठ मारून."

मग त्यानं रेकॉर्डरकडं पाहिलं.
मी बंद केला.
पिशवीत दुसरीच पुस्तकं होती.
नोव्हेंबरात तो पुन्हा प्रवेशपरीक्षेला बसणार,
दिवसा इथला विद्यार्थी, रात्री कुठलाच नाही.
वर्गात कुणाला ठाऊक नाही, घरी तर नाहीच.
"म्हणून तीन," तो म्हणाला.
"एक लिहिलं तर बाबांची गाठ सुटते.
पाच लिहिलं तर माझी बसते."

रुळणं.
आमच्या अहवालात हा शब्द दोनशे अकरा वेळा आला आहे.
मी मोजला, एका रात्री, हातातलं काम टाकून.
नवा बूट रुळतो तेव्हा बदलतं कोण,
बूट की टाच?
तक्त्यात टाचेसाठी रकाना नाही.

अकरा वर्षांपूर्वी मीही पहिल्या वर्षाला होते.
सीनियरांच्या सहलीत ग्लास पुढं आला की
तोंड वळवून सोजू बाहीत ओतायचे.
ती बाही वाळेपर्यंत वसंत संपला.
मला तेव्हा कुणी फॉर्म दिला नाही.
दिला असता तर सगळीकडं पाच लिहिलं असतं,
तेही घाईघाईनं, रेघेबाहेर.

नोव्हेंबरात दुसरी फेरी. तीनशे सहांपैकी
दोनशे एकाहत्तर आले.
उरलेल्यांना अहवालात गळती म्हणतात,
जणू कुणी नळ नीट बंद केला नाही.
मारूचा फोन वाजायचा, वाजून थांबायचा.
परीक्षेच्या गुरुवारी दुपारी विमानंसुद्धा थोपवून धरतात,
मुलांना कानावर पडणारं इंग्रजी नीट कळावं म्हणून.
मी खिडकीशी उभी राहून आभाळ पाहत होते.
एक कावळा गेला. त्याला कुणी थोपवलं नव्हतं.

मुलाखतीच्या मोबदल्यात आम्ही कॉफीचं कूपन पाठवतो.
त्याचं तसंच पडून होतं. मुदत संपत आली की
माझ्या फोनवर सूचना यायची,
मी वाढवून घ्यायचे. ग्वाक मॅडमना सांगितलं नाही;
हे संशोधनात बसत नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी स्क्रीनवर एकच शब्द आला:
वापरलं.
कुठल्या शहरात, ते दाखवत नाहीत.
बसून प्यायला की उभ्यानं,
तेही नाही.