जड

सेंट अँड्र्यूज. रात्रीचे पावणेतीन.
तळघराच्या दाराबाहेर मी, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर.
आत कुणी थांबायचं नसतं.
आत माणसाचं पाऊल म्हणजे भूकंप.

टनावारी काँक्रीट हवेच्या उशांवर टेकलंय,
त्यावर पिंप, पिंपात हेलियम,
हेलियमच्या पोटात तांदळाच्या कणीएवढा स्फटिक:
सिरियम, कोबाल्ट, इंडियम.
परवा मर्डोनं निर्वातात त्याचा कपचा उडवला
आणि जगानं न पाहिलेली एक बाजू उघडी पडली.
तिच्यावर टंगस्टनची सुई वाकलीय, टोकाशी एकच अणू.
शिवत नाही.
शिवली तर तीन आठवडे पाण्यात.

इचलकरंजीत आमची भिंत दिवसरात्र थरथरायची,
पलीकडे चोवीस माग.
पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, आम्ही पितच राहायचो.
आप्पा कापडावर इंचभर भिंग ठेवून धागे मोजायचे,
ओठ हलत. आवाज कुणाला ऐकू येणार?
आता त्यांनाच येत नाही.
फोनवर ओरडतात: "इलेक्ट्रॉन जड? वजन केलंस व्हय?"

मीही ओरडते: तसं नाही आप्पा.
तांब्याच्या तारेत हाच हलका पळतो.
इथं गारठ्यात त्याची गाठ पडते
सिरियमच्या, जागा न सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी,
मग शंभरपट जड झाल्यासारखा चालतो.
विद्युतभार तोच. चाल बदलते.

आप्पा थोडं थांबले.
"म्हणजे ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या."

वाण नाही, गुण लागला.
माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण, एकसष्ट पानांचं.

पडद्यावर एकेक ओळ उतरतेय.
बाहेर नॉर्थ सी धक्क्यावर आदळतो, ओळ किंचित कापते,
पुन्हा सरळ.
मग डावीकडे एक खळगा: तिथं सिरियमचा अणू नाहीच.
भोवती तरंग, बारीक, दाट.
व्होल्टेज केसभर हलवलं की त्यांच्यातलं अंतर पार बदलतं,
त्यावरून जडपण काढायचं.
नितळ पृष्ठभाग काहीच बोलत नाही.
जो नाही, त्याच्याभोवती बाकीच्यांचं वजन कळतं.

हे आप्पांना ओरडून सांगता येणार नाही.
आई गेल्यापासून कडेचा एक माग त्यांनी बंद ठेवलाय,
विकत नाहीत, चालवतही नाहीत.
तेल मात्र घालतात.

मर्डो सकाळी येईल, विचारेल, सुई शाबूत?
फरशी गार आहे. मी एका पायावरून दुसऱ्यावर होते,
हळू.
अजून दोनशे ओळी.