कैवार

अंबडच्या शेडमध्ये, दुपारी तीनला,
मी एक वर्तुळ काढते.
शिफ्ट दाबून ओढलं की झालं.
व्यास दोनशे दहा, रेघ केसाहून बारीक,
मध्य आपला आपण जाऊन बसतो छेदावर.
पितळी झाकणं आहेत, चाळीस नग,
सात पाकळ्यांची जाळी,
गिऱ्हाईक रविवार कारंज्याचं, त्याला कालच हवी होती.

तांबट आळीत दादा कैवार टेकवायचे.
लोखंडी, दोन पायांचा, एक पाय जरा झिजलेला.
आधी मध्यावर पंचाचा ठोका, ठक्,
मग पत्र्यावर किरकिरत उठायची उजळ रेघ.
सहा पाकळ्या असल्या तर खुशीत असायचे :
त्रिज्या सहा पावलांत गाव फिरून घरी येते,
तिला वाट सांगावी लागत नाही.
सात म्हटलं की चष्मा चढायचा.
परिघावरून पावलं टाकत जायचे,
सातवं पाऊल पहिल्याच्या अलीकडेच पडे.
सूतभर उघड, पुन्हा.
आता पलीकडे गेलं. पुन्हा.
आईने ताट झाकून ठेवलेलं.
शेवटी जी चूक उरायची
ती साती पाकळ्यांत वाटून टाकायचे,
दसऱ्याचं सोनं वाटावं तशी,
कुणाच्या वाट्याला कळेल इतकी येत नसे.

मी कोनाच्या चौकटीत लिहिते तीनशे साठ भागिले सात.
एक्कावन्न पूर्णांक चार दोन आठ सहा, तो म्हणतो,
आणि गप्प होतो.
म्हणजे चूक त्यानेही ठेवलीय कुठेतरी,
वाटली कशी, ते सांगत नाही.

मागच्या रविवारी लॅपटॉप दादांपुढे ठेवला.
बघा, कितीही जवळ जा, रेघ फाटत नाही.
ते गेले जवळ. नाक काचेला लागेपर्यंत.
मग मी वर्तुळावर टिचकी मारली :
चार बिंदू उमटले,
प्रत्येकाला दोन बाजूंनी ताठ मिशा.
या ओढल्या की वळण बदलतं, मी म्हटलं.
"म्हणजे चार तुकडे जोडलेत?"
हो.
"मग गोल नाही हा. गोलासारखा आहे."
फरक दहा हजारांत तीनसुद्धा नाही, दादा.
"असेल. आमचा तरी कुठे होता."
उठले, फळीवरचा तांब्या काढला, पालथा केला.
बुडाला, बरोबर मधोमध,
तिळाच्या टोकाएवढा खळगा.
"पण आमचा सापडायचा. कुठून निघाला ते."

आईने लगेच विचारलं, तांब्या का काढला, आत्ताच तर घासला होता.

घरात दादांचा कैवार घेणारं
तसं कधी कुणी नव्हतंच.
दुकान बंद केलं तेव्हाही
मी हिशेबाच्या बाजूने बोलले होते.
पाहायला गेलं तर बरोबरच बोलले होते.

आज फाईल पाठवण्याआधी
कोरायच्या लेयरवर एक बिंदू ठेवला.
व्यास शून्य पूर्णांक चार. क्ष शून्य, य शून्य.
काचेपलीकडून फिरोज ओरडला,
"मॅडम, मधे काहीतरी पडलंय! कचरा आहे, उडवू का?"

नको, म्हटलं. असू दे.
त्याने खांदे उडवले, झाकण लावलं,
पंखा घोंगावला,
आणि पहिल्या पत्र्यावर ठिणगी
सगळ्यात आधी मधोमध पडली.