रकाना चौदा

दिवसाला सहाशे रुपये, दुपारचं जेवण वेगळं,
दुभाष्या म्हणून मला घेतलं त्यांनी.
फॉर्म कन्नडमधला, माणसं मराठीत बोलणारी,
आणि अहवाल जाणार इंग्रजीत, बेंगळूरला.

जांबोटीच्या रस्त्याला, काजूच्या बागा ओलांडून
गाव संपतं तिथं केरी सुरू होते.
समुदाय भवन पाटीवर दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झालंय.
खिडकीतून पाहिलं: युरियाची पोती.
किल्ली मेंबराच्या घरी, मेंबर बेळगावात.
शिंत्री मॅडमनी लिहिलं, इमारत आहे.

सत्यव्वा मादार उंबऱ्यात तूर निवडत होती.
पेन्शन येतं?
"येतंय की, अंगठा उमटला तर."
नळ?
"नळ हाय."
पुढचं तिनं सांगितलं नाही, घागरीकडं बघितलं.

रकाना चौदा.
योजनेनंतर समाजात आपला समावेश झाला असं वाटतं का?
पुढं दोन चौकोन: हौदु, इल्ल.

समावेश हा शब्द मी तिच्यापुढं ठेवला, तिनं उचलला नाही.
सामील म्हटलं.
"कुठल्या केसमधी?"
मिसळून घेतात का म्हटलं,
तर सुपातला खडा काढून तिनं अंगणात भिरकावला.
शेवटी म्हणालो, सत्यव्वा, पंगतीला घेतात का?
"घेत्यात की," ती म्हणाली.
"पंगत उठल्यावर."

"एनु हेळ्तारे?" मॅडमचं पेन थांबलं होतं.
उत्तर दोन तुकड्यांचं होतं.
मी पहिला तुकडा पोचवला.
हौदु.

मग चहा आला, स्टीलच्या पेल्यांत.
मॅडमना साखर चालत नव्हती.
मी प्यालो, घाईनं, जीभ भाजली,
आणि आमच्या मोरीमागचा कोनाडा आठवला,
त्यातला कान तुटलेला कप,
जो आई कधी आत आणत नाही
आणि मी कधी विचारत नाही.

कागद आमच्या भाषेत द्या, म्हणून
मी कचेरीपुढं घसा फोडलाय, दोनदा लाठीही खाल्लीय.
खरंच दिला असता तर
हा प्रश्न मला मधे कुणी न घेता वाचावा लागला असता
तिच्या डोळ्यांत बघत.

जीपमध्ये बसताना मॅडमनी विचारलं,
अजून किती घरं राहिली?
एकोणीस, मी म्हणालो.
यादीत तेवढीच होती.
आमचं घर त्यात धरलं नव्हतं.