शून्य ते चार

रुवीतल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला :
मागच्या तीस दिवसांत
अंघोळ करणं किती जड गेलं?
शून्य ते चार. आकड्याला गोल करा.

कुठल्या दिवसाची अंघोळ, बाई?
रुसैलच्या कॅम्पात ऑगस्टमध्ये
टाकीचं पाणी संध्याकाळीही चटके देतं,
पहाटे चारच्या रांगेत मी सातवा,
आणि रात्रीची गोळी
साडेपाचपर्यंत पापण्यांवर बसून असते.

नझीर परकार खालच्या पलंगावर होता तोवर
माझी बादली भरून ठेवायचा.
"ऊठ रे मेल्या," एवढंच.
तेव्हा शून्य.
तो सुट्टीवर खेडला गेला,
तेव्हापासून चार.

मी तोच. गोळीही तीच,
बडीशेपेच्या डबीत लपवलेली.
फोरमनला कळलं तर व्हिसाचं काय,
याला कागदावर रकाना नाही.

आई फोनवर विचारते, जेवलास?
हो म्हणणं
हे एकच काम मला रोज जमतं.

बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या,
म्हणून जरा वेळ लागला.
दोनाला गोल केला.

नझीरचं विमान गुरुवारी.
आज सोमवार.
रात्री नळाला पाणी होतं तेव्हा
एक बादली भरून ठेवली,
कुणाची ते ठरवलं नाही.